जीप उंच केली, पण स्टिअरिंग ढिले झाले

आपल्या वस्त्यांतील कितीतरी घरांची चूल आज चाकावर पेटते. कोणाची रिक्षा आहे, कोणाचा टेम्पो आहे, कोणी भाड्याची जीप चालवतो. गाडी चालली तर घरात दाणा येतो. म्हणूनच गाडीची छोटी खोडही आपल्या घरात मोठी होते. आमच्यावर असा प्रसंग आला होता. तो इथे सांगतो, म्हणजे दुसऱ्या कोणावर तो येऊ नये.

आम्ही दोघा भावांनी २०११ साली कर्ज काढून एक जुनी डिझेल जीप घेतली. पाटणच्या डोंगरभागात ती भाड्याने चालवत होतो. पावसाळ्यानंतर रस्त्याची चाळण व्हायची. दगड गाडीच्या पोटाला घासायचे. एका फिटरने सल्ला दिला, "गाडी थोडी उंच करून घ्या, कटकटच मिटेल." त्याने पुढच्या पाट्यांत एकेक जादा पट्टी घातली, पाट्याचे टोक चासीला जोडणाऱ्या शॅकल दोन-दोन इंच लांब केल्या आणि टायरही मोठे बसवले. जीप रुबाबदार दिसू लागली. आम्हीही खूश झालो.

चौथ्या दिवशी कुंभार्ली घाट उतरताना गाडीत दहा माणसे होती. पुढच्या सीटवर आमची आई होती. एका खड्ड्यात चाक आदळले आणि स्टिअरिंग आपोआप दरीकडे ओढले गेले. आम्ही ते उलटे फिरवले, तर ते हातात नुसतेच फिरले. चाके वळायला क्षणभर उशीर झाला. कठड्याजवळ गाडी थांबली. कोणाला काही झाले नाही, पण आई त्या रात्री जेवली नाही. एवढेच म्हणाली, "पोरांनो, दुसऱ्यांची लेकरं बसतात तुमच्या गाडीत."

चुकीचा इलाज

दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा त्याच फिटरकडे नेली. त्याने स्टिअरिंग बॉक्सवरचा स्क्रू आवळला. स्टिअरिंग जड झाले आणि वळण घेतल्यावर ते आपले आपण सरळही होईना. गाडीचे रस्त्यावर भरकटणे मात्र तसेच राहिले. बॉक्स प्रमाणाबाहेर आवळला की आतले दाते एकमेकांवर घासून लवकर झिजतात. म्हणजे पैसे देऊन आम्ही एक दुखणे वाढवून घेतले होते.

शेवटी एस.टी.च्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेल्या एका मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पाना हातातही घेतला नाही. म्हणाले, "पोरांनो, ढिलाई कुठे आहे ते आधी शोधा. मग आवळा."

ढिलाई कशी शोधावी

त्यांनी एका भावाला आत बसवले. गाडी जमिनीवर उभी, चाके सरळ. आत बसलेल्याने स्टिअरिंग थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे हलवत राहायचे. दुसऱ्याने खाली वाकून एकेका सांध्यावर बोट ठेवून पाहायचे. स्टिअरिंगच्या दांड्याचा जॉइंट, चासीवर बॉक्स धरणारे बोल्ट, पिटमन आर्मचा नट, ड्रॅग लिंकची दोन्ही टोके, टाय रॉडची दोन्ही टोके, असे क्रमाने जायचे. ज्या सांध्याची एक बाजू हलते आणि दुसरी जागेवर राहते, तोच ढिला. आमच्या गाडीत टाय रॉडचे एक टोक झिजलेले निघाले आणि बॉक्सचा एक बोल्ट सैल निघाला. हे दोष आधीपासूनच होते. मोठ्या टायरांनी त्यांवर जोर टाकला म्हणून ते उघडे पडले.

मग चाक जॅकवर उचलले. नुसत्या जॅकच्या भरवशावर कधीही गाडीखाली जाऊ नये. चासीखाली घोडी लावावी आणि जमिनीवरच्या चाकांना दगड लावावेत. उचललेले चाक घड्याळाच्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवायचे. हलले तर बेअरिंग किंवा किंगपिन ढिले असते. कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगायचे. ब्रेक दाबल्यावर हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, तरीही हलत राहिले तर किंगपिनचा. तीन आणि नऊच्या जागी धरून हलले तर आधी टाय रॉडची टोके पाहायची.

खरे कारण

ढिले सांधे बदलले. तरीही मिस्त्री म्हणाले, "अर्धेच काम झाले." उरलेले कारण गाडी उंच करण्यातच होते. ते दोन गोष्टींत सांगता येते.

पहिली गोष्ट कॅस्टरची. सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा नसतो. तो वरच्या बाजूने मागे कललेला असतो. म्हणून हात सोडले तरी सायकल काही अंतर सरळ जाते. गाडीचे चाकही अशाच कललेल्या आसाभोवती वळते. आमच्या जीपच्या शॅकल पुढच्या पाट्याच्या पुढच्या टोकाला होत्या. त्या लांब केल्यामुळे पाट्याचे पुढचे टोक खाली गेले आणि सगळा अॅक्सल पुढे कलला. मागचा कल कमी झाला. म्हणून गाडी सरळ रस्त्यावरही भरकटत होती. त्यात गंमत अशी की शॅकल दोन इंच लांब केली तरी गाडी जेमतेम एक इंच उचलली जाते. मिळाले एक इंच आणि गेली चाकाची शिस्त.

दुसरी गोष्ट ड्रॅग लिंकची. स्टिअरिंग बॉक्सच्या पिटमन आर्मपासून चाकांकडे जाणारा हा रॉड शक्यतो सपाट असावा लागतो. चासी वर गेली, अॅक्सल खालीच राहिला, म्हणून रॉड तिरपा झाला. आता चाक खड्ड्यात गेले किंवा दगडावर चढले की तिरपा रॉड चाकाला आपोआप वळवतो. घाटात आमच्या हातातून स्टिअरिंग ओढले गेले ते यामुळेच.

इलाज कोणता

कॅस्टर परत आणण्यासाठी पाटा आणि अॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी पाचर बसवतात. तिरप्या रॉडसाठी खाली वाकलेला पिटमन आर्म मिळतो. पण तो कारखान्यात घडवलेलाच घ्यावा. जुना आर्म तापवून वाकवणे किंवा त्याला वेल्डिंग करणे म्हणजे मृत्यूला बोलावणे आहे. पाटे खोलले की यू-बोल्ट नवेच घालावेत आणि काहीशे किलोमीटर चालल्यावर पुन्हा आवळावेत. ब्रेकचे रबरी पाइप ताणले गेले नाहीत ना, हे स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून पाहावे. शेवटी टो-इन तपासावे आणि ड्रॅग लिंकची लांबी कमीजास्त करून स्टिअरिंग मध्यावर आणावे.

हे सगळे सांगून मिस्त्रींनी आम्हाला विचारले, "पण गाडी उंच करायची गरज होती का?" त्यांनी पाटे दाखवले. ओझ्याने ते बसून जवळजवळ सपाट झाले होते. गाडी मुळात खाली बसली होती, म्हणून दगड घासत होते. आम्ही लांब शॅकल, जादा पट्ट्या आणि मोठे टायर काढून टाकले. पाट्यांना पुन्हा मूळची कमान देऊन घेतली, बुश नवे घातले. गाडी आपल्या मूळ उंचीवर आली आणि स्टिअरिंग हातात आले.

कायदाही ध्यानात ठेवा

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनमानी बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच बजावले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा ठेवल्या आहेत. अपघात झाल्यास विमा कंपनीही हाच मुद्दा पुढे करू शकते. कर्जाच्या गाडीवर पोट असणाऱ्याला हे परवडणारे नाही.

बंधूंनो, शेजारच्याची गाडी उंच दिसली म्हणून आपली उंच करू नका. आधी पाटे बसले आहेत का पाहा. स्टिअरिंग ढिले वाटले तर त्याच दिवशी गाडी उभी करा. एक दिवसाचा धंदा बुडेल, तो भरून निघतो. आमची आई पुढे कित्येक वर्षे आमच्या जीपमधून फिरली. पण बसण्याआधी ती नेहमी विचारायची, "चाकं बघितली का रे?" आम्ही बघितलेली असायची. तुम्हीही बघत जा.