ग्रहणाचा फोटो: दुर्बिणीला काय लावायचं, काय नाही

सोमवार, 2 ऑगस्ट 2027. दुपार कलल्यावर शहापूर-मुरबाडातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसेल, अर्थात पावसानं उघडीप दिली तर. शाळेच्या कपाटातली किंवा हौसेनं घेतलेली दुर्बीण त्या दिवशी बाहेर निघणार, आणि तिच्यासोबत काही जुने समजही.

सगळ्यात घातक समज हा: "दुर्बिणीबरोबर काळी काच आलीये, ती आयपीसला लावली की झालं." काही स्वस्त दुर्बिणींच्या खोक्यात अशी काच असते खरी. ती फेकून द्या. 70 मिलिमीटरचं भिंग डोळ्याच्या बाहुलीपेक्षा शेकडो पट ऊन गोळा करतं आणि ते सगळं त्या काचेपाशी एकवटतं. काच तापून तडकते, तेव्हा डोळा तिलाच टेकलेला असतो. ऊन आत शिरण्याआधीच अडवायला हवं, म्हणजे सोलर फिल्म दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावर, वाऱ्यानं उडणार नाही अशी घट्ट. डोळ्यानं बघण्यासाठीची फिल्म प्रकाशाचा साधारण लाखावा भाग आत सोडते. लावण्याआधी ती दिव्यासमोर धरा. टाचणीएवढं भोक दिसलं तरी बाद. बाजूच्या छोट्या शोधक दुर्बिणीला टोपण घाला, नाहीतर ती काढूनच ठेवा. मुलं पहिल्यांदा तिथेच डोळा लावतात.

एक्स-रेची फिल्म, काजळी धरलेली काच, सीडी यांबद्दल एकच शब्द: नाही. परातीतल्या हळदीच्या पाण्याचं मात्र सांगायला हवं, कारण ते निरुपद्रवी वाटतं. डोक्यावर आलेल्या सूर्याचा सुमारे 2 टक्के प्रकाश पाणी परत फेकतं, सूर्य कलला की त्याहून जास्त. शंभरातले दोन कुठे आणि लाखातला एक कुठे!

"पण मी तर कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघतोय." डोळा वाचेल, सेन्सर जळेल.

मग फिल्मशिवाय काढलेले ते प्रसिद्ध फोटो? ते खग्रास ग्रहणाचे. 22 जानेवारी 1898 रोजी करमाळ्याजवळच्या जेऊरला अमेरिकेतल्या लिक वेधशाळेच्या कॅम्पबेल यांनी चाळीस फुटी कॅमेऱ्यानं सूर्याचं प्रभामंडल टिपलं, तेव्हा सूर्यबिंब पूर्ण झाकलेलं होतं. 2027 ला तशी संधी इजिप्तमधल्या लक्सरजवळ सहा मिनिटांहून अधिक मिळेल. आपल्याकडे एक क्षणही नाही.

चाळीस फुटांवरून लोक भलता अर्थ काढतात, की दुर्बीण जितकी मोठी तितका फोटो चांगला. हिशोब सोपा आहे: नाभीय अंतराला 109 नं भागा, सेन्सरवरच्या सूर्याचा व्यास मिळतो. 900 मिलिमीटरच्या दुर्बिणीला साधारण 8 मिलिमीटर, म्हणजे साध्या डीएसएलआरच्या चौकटीत ऐसपैस. मोबाइल आयपीसला लावणार असाल तर 25 मिलिमीटरचा आयपीस घ्या. अख्खं बिंब मावतं.

सूर्य झाकत गेला की एक्स्पोजर वाढवावं लागतं, हाही गैरसमजच. उरलेली कोर पूर्वीइतकीच तेजस्वी असते. कॅमेरा ऑटोवर ठेवला तर तो भोवतालचा काळोख बघून फसतो आणि कोर पांढरीफटक करतो. शटर हातानं ठरवा. त्यासाठी ग्रहणाची वाट बघायची गरज नाही. फिल्म लावून आजच्या सूर्यावर सराव करा, तोच आकडा खंडग्रासला चालतो.

आणि मुंबईकर हौशींसाठी: अंधारं आकाश मिळावं म्हणून ग्रहणाला मुरबाडला धावू नका. वांगणीला खगोल मंडळाचे कार्यक्रम होतात ते रात्रीचे. सूर्याला अंधार लागत नाही, मोकळं क्षितिज लागतं. 26 डिसेंबर 2019 चं ग्रहण सकाळी आठच्या सुमारास लागलं. सह्याद्रीला अगदी खेटून असलेल्या गावांत तेव्हा सूर्य डोंगरामागून वर यायलाच उशीर. 25 ऑक्टोबर 2022 ला तर सूर्य ग्रहणातच मावळला, म्हणजे पश्चिमेला माहुलीसारखा डोंगर असेल तर अडचण. 2027 ला सूर्य पश्चिमेकडे झुकलेला असेल. पश्चिम उघडी असलेलं माळरान आधी हेरून ठेवा.

ऑगस्टातले ढग मधूनच विरळ होतात आणि सूर्य फिका, चंद्रासारखा दिसतो. त्या वेळी "आता चालेल" म्हणून कोणी फिल्म काढायला गेलं, तर त्याचा हात धरा.