खाऊन गोळी घेतली, तरी…

गणपती जवळ आले की पेण, हमरापूर, जोहे इथल्या कारखान्यांत मूर्तिकार दिवसभर वाकून बसतात. कंबर धरते. मग डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनची गोळी. रोह्याजवळ धाटावच्या कारखान्यांत रात्रपाळीत उभं राहून काम करणाऱ्यांचंही तेच.

‘आधी दोन घास खाऊन घे’ हा सल्ला घरोघरी मिळतो. त्याने मळमळ कमी होईल, पण अल्सर टळेलच असं नाही. औषधशास्त्रज्ञ जॉन व्हेन यांनी १९७१ मध्ये दाखवलं की ॲस्पिरिनसारखी औषधं (वरच्या गोळ्याही त्यातल्याच) शरीरात प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं तयार होऊ देत नाहीत. त्यामुळेच सूज उतरते. पण हीच प्रोस्टाग्लँडिनं जठराच्या अस्तरावरचा बुळबुळीत थर राखतात, आम्ल निवळवणारं बायकार्बोनेट पाझरवतात, रक्तपुरवठा टिकवतात. ती घटली की आपलंच आम्ल अस्तराला खाऊ लागतं. औषध रक्तातूनही तिथे पोचतं, म्हणून इंजेक्शनसुद्धा निर्धोक नाही.

साठी उलटलेले, पूर्वी अल्सर झालेले, रक्त पातळ करणारी औषधं किंवा स्टेरॉइड घेणारे यांना धोका अधिक. त्यांना डॉक्टर सोबत ओमेप्राझोल किंवा पँटोप्राझोल देतात; आम्ल घटतं, अस्तर सावरतं. शौचाला डांबरासारखं काळं झालं, तर अल्सरमधून रक्त जात असू शकतं; वेदनाशामक थांबवा आणि त्याच दिवशी, लगोलग डॉक्टर गाठा.