लाकूड कुजवणारे एन्झाइम रंगीत सांडपाणी साफ करील?

कोल्हापूर : कसबा बावड्यातील राजाराम बंधाऱ्यापासून खाली वाहत पंचगंगा इचलकरंजीकडे जाते. वाटेत शहराचे सांडपाणी आणि पुढे कापड रंगवणाऱ्या उद्योगांचे पाणी, असे दुहेरी ओझे तिच्यावर पडते. यावर सूक्ष्मजीव कितपत उपयोगी पडतात?

लाकडाचा संबंध काय?
लाकडाला कणखरपणा देणारे लिग्निन सहजासहजी तुटत नाही. काही बुरशी मात्र ते फोडतात. त्यासाठी लागणारे ‘लिग्निन पेरॉक्सिडेज’ हे एन्झाइम १९८३ मध्ये अमेरिकेत सापडले. कापडाच्या रंगांची रचनाही अशीच चिवट असल्याने हे एन्झाइम त्यांच्यावरही चालते.

कोल्हापुरात काय झाले?
शिवाजी विद्यापीठातील ज्योती जाधव आणि संजय गोविंदवार यांनी २००६ मध्ये ‘मॅलाकाइट ग्रीन’ या रंगावर पाव फुगवणाऱ्या यीस्टच्या जातीचा प्रयोग प्रसिद्ध केला. २००८ मध्ये गोविंदवार यांच्या गटाने एका जिवाणूतून लिग्निन पेरॉक्सिडेज वेगळे काढून ते अझो रंगांवर वापरले.

बावड्यात सूक्ष्मजीव काय करतात?
येथील प्रक्रिया केंद्राची क्षमता रोज ७ कोटी ६० लाख लिटर आहे. जयंती नाल्याचे सांडपाणी उपसून येथे आणले जाते. हवा पुरवली की जिवाणू त्यातील सेंद्रिय घाण खातात. हेच पाणी थेट नदीत गेले तर ते काम जिवाणू नदीत करतात, पाण्यातील ऑक्सिजन संपतो आणि मासे मरतात.

मग अडचण कुठे?
लोणचे टिकते, कारण मीठ सूक्ष्मजीवांकडचे पाणी ओढून घेते. गुळात हेच काम साखर करते. सुती कापड रंगवतानाही भरपूर मीठ लागते आणि ते सांडपाण्यात उतरते. लोणचे राखणारे मीठ इथे सफाई करणाऱ्या जिवाणूंनाच रोखते. शिवाय प्रयोगशाळेत बहुधा एकेका रंगावर काम होते, कारखान्याच्या पाण्यात अनेक रंग आणि रसायने एकत्र असतात.

रंग गेला म्हणजे पाणी शुद्ध?
नाही. ऑक्सिजनशिवाय अझो रंग तुटले तर रंगहीन अमाइन्स उरतात आणि त्यातील काही विषारी असतात. म्हणून पाणी नितळ दिसले तरी त्याची विषारीपणाची तपासणी व्हायलाच हवी.