एसीची उष्णता आणि तलावाचे पाणी

अमेरिकेतील फ्लोरिडासारख्या उष्ण, दमट राज्यात अनेक घरांच्या परसात पोहण्याचा तलाव असतो, आणि तेथे एसीचे बाहेरचे युनिट घरातील उष्णता हवेत सोडून देते, तर तलाव तापवणारे दुसरे यंत्र त्याच हवेतून उष्णता गोळा करते. तत्त्वतः ही दोन्ही यंत्रे उष्मापंपच होत, म्हणजे विजेच्या बळावर कमी तापमानाच्या जागेतील उष्णता जास्त तापमानाच्या जागी नेणारी साधने. म्हणून एसीची उष्णता थेट पाण्याला द्यावी, ही कल्पना शास्त्राला पूर्णपणे धरून आहे.

हिशेब मांडला तर तिचे बळ कळते. तीन टनांचा एसी घरातून सुमारे साडेदहा किलोवॉट उष्णता काढतो, तीत कॉम्प्रेसरला लागणाऱ्या विजेची भर पडून बाहेर टाकली जाणारी उष्णता तेरा किलोवॉटच्या पुढे जाते. ५०,००० लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढवण्यास सुमारे ५८ युनिट ऊर्जा लागते, म्हणजे साडेचार तासांत एवढे काम होऊ शकते आणि तेही फुकटात. शिवाय बाहेरची हवा ३५ अंशांवर असताना पाणी २८ अंशांवर असेल, तर उष्णता टाकणे सोपे होऊन कॉम्प्रेसरचे वीजबिलही घटते.

खरी कसोटी जोडणीत लागते. शीतकाचा, म्हणजे एसीत फिरणाऱ्या वायूचा, प्रवाह झडपेने वळवून त्याची उष्णता नळीच्या भिंतीतून पाण्याला द्यावी लागते. क्लोरीनयुक्त पाणी तांबे खाते, म्हणून ही नळी टायटॅनियमची किंवा तांबे-निकेल मिश्रधातूची असावी लागते. तलावाचा पंप बंद पडला तर शीतकाचा दाब धोकादायकरीत्या चढतो, म्हणून पाणी वाहत नसल्यास प्रवाह पुन्हा बाहेरच्या युनिटकडे वळवणारी यंत्रणा अनिवार्य ठरते, आणि या बाबतीत घरगुती प्रयोगाला मुळीच वाव नाही.

याहून मोठी अडचण ऋतूंची आहे. एसी सर्वाधिक चालतो त्या जुलै-ऑगस्टमध्ये पाणी आपोआपच तापलेले असते, तर जानेवारीत, जेव्हा तलावाला ऊब हवी असते, तेव्हा एसी बहुधा बंद असतो. त्यामुळे खरा लाभ दुपारी उकाडा आणि रात्री गारवा असणाऱ्या मार्च-एप्रिल व ऑक्टोबर-नोव्हेंबरपुरताच उरतो. त्यातही मिळवलेली ऊब टिकवण्यासाठी तलावावर आच्छादन आधी हवे, कारण उघड्या तलावाची बहुतांश उष्णता बाष्पीभवनात जाते आणि वाफ होणारे प्रत्येक लिटर पाणी अप्रकट उष्म्याच्या रूपाने सुमारे ०.६८ युनिट ऊर्जा घेऊन जाते.

ही कल्पना पूर्ण फळते ती जेथे गारव्याची गरज बाराही महिने असते तेथे. इंग्लंडमधील एक्समथच्या सार्वजनिक तलावाला २०२३ मध्ये एका छोट्या डेटा सेंटरच्या संगणकांची उष्णता मिळू लागली; ते संगणक तेलात बुडवलेले असतात आणि तापलेल्या तेलातील उष्णता तलावाच्या पाण्याला दिली जाते.