झोंबलं म्हणजे जंतू मेले असं नाही

सिल्लोड तालुक्यात हिरव्या मिरचीची तोडणी सुरू झाली की एक शब्द सारखा कानावर पडतो, 'झोंबतंय'. तोडणीचा हात चुकून गालाला लागला की झोंबतं. दाढीनंतर अल्कोहोलचं आफ्टरशेव्ह लावलं तरी झोंबतंच. मराठीने दोन्हींना एकच क्रियापद दिलं ते किती अचूक होतं, हे विज्ञानाला बऱ्याच उशिरा कळलं.

त्वचेतल्या चेतातंतूंवर टीआरपीव्ही-1 नावाचं, दारासारखं उघडणारं प्रथिन असतं. डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेने 1997 मध्ये ते शोधलं आणि 2021 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तापमान साधारण 42 अंशांपुढे गेलं की हे दार उघडतं आणि 'भाजतंय' असा निरोप मेंदूकडे जातो. मिरचीतलं कॅप्सेसिन हेच दार उष्णतेशिवाय उघडतं. अल्कोहोल मात्र त्याचा उंबरठाच खाली आणतं. 2002 मधल्या संशोधनात तो 42 वरून सुमारे 34 अंशांवर आलेला दिसला. आपलं शरीर 37 अंशांचं, त्यामुळे स्वतःचीच ऊब चटका देऊ लागते. अल्कोहोल जंतू मारतं हे खरं, पण झोंबणं ही त्याची पावती नव्हे. शिवाय ते त्वचेवरचं तेलही काढून नेतं. मराठवाड्याच्या कोरड्या उन्हाळ्यात असा गाल लगेच ओढल्यासारखा होतो.

मग खरी काळजी कधी घ्यायची? ब्लेड लावण्याआधी. केस केराटिनचा असतो. तो आपल्या वजनाच्या सुमारे 30 टक्के पाणी शोषतो, त्याच्यातले हायड्रोजन बंध सैल होतात आणि तो सहज कापला जातो. म्हणून आधी कोमट पाणी, मग ब्रशने केलेला दाट फेस, आणि दोन-तीन मिनिटं धीर. किंग जिलेटच्या 1904 च्या पेटंटमधल्या सेफ्टी रेझरमध्ये ब्लेडची धार जेमतेम बाहेर डोकावते. रेझरचं वजनच पुरतं, वरून दाबायचं नाही. केसांच्या दिशेनेच हात फिरवावा. उलट्या दाढीत त्वचा जास्त खरवडली जाते.

शेवटी गार पाणी आणि ओली तुरटी. तुरटीतले ॲल्युमिनियमचे आयन रक्तातली प्रथिनं गोठवतात आणि बारीक काप मिटतो. नंतर चेहरा धुऊन कोरफडीचा गर किंवा अल्कोहोल नसलेलं आफ्टरशेव्ह लावावं. तुरटीचा खडा मात्र ज्याचा त्यानेच वापरावा. हिपॅटायटिस बी चा विषाणू शरीराबाहेर किमान सात दिवस तग धरतो. सलूनमध्ये नवं ब्लेड हक्काने मागतो, तसाच सगळ्यांच्या गालावरून फिरणारा खडाही हक्काने नाकारावा.

आणि मिरची तोडायला जाणाऱ्यांनी दाढी आदल्या संध्याकाळी करावी. ताज्या खरवडलेल्या त्वचेतून कॅप्सेसिन लवकर आत शिरतं. ते पाण्यात फारसं विरघळत नाही, तेलात विरघळतं. म्हणून शेतातून आल्यावर हाताला आधी गोडेतेल चोळावं, मग साबण लावावा, आणि त्यानंतरच गालाला हात लावावा.