जालन्याचा पाऊस ओमानला गेला तेव्हा

लेखमाला : संकटाआधी, संकटानंतर – लेखांक ६

मागच्या लेखांकात टँकर आणि चारा छावण्यांचं गणित पाहिलं. दुष्काळ सावकाश येतो. बैठका घ्यायला, निविदा काढायला, एकमेकांवर ढकलायलाही वेळ देतो. आज उलट प्रकार पाहू : कोरड्या मुलखात काही तासांत कोसळणारं पाणी. त्यासाठी समुद्रापलीकडच्या अरब देशांत डोकवावं लागेल. उगाच नाही, २०२१ साली आपल्याकडचंच एक वादळ तिकडे गेलं होतं.

२६ सप्टेंबर २०२१ला ‘गुलाब’ चक्रीवादळ आंध्रात कलिंगपट्टणमजवळ किनाऱ्यावर चढलं. जमिनीवर आलं की वाऱ्याचा जोर ओसरतो, पाऊस ओसरेलच असं नाही. तेलंगण ओलांडून ते मराठवाड्यावर आलं आणि २७-२८ तारखेला जालन्यासह अख्खा विभाग झोडपून निघाला. सोयाबीन काढणीला आलेलं, कपाशीची बोंडं फुटू लागलेली. मांजरा धरणाचे अठराच्या अठरा दरवाजे उघडावे लागले. मग हेच कमी दाबाचं क्षेत्र गुजरातवरून अरबी समुद्रात उतरलं, तिथल्या उबदार पाण्यावर पुन्हा बळावलं आणि १ ऑक्टोबरला नव्या नावाचं वादळ झालं : ‘शाहीन’. ३ ऑक्टोबरला ते ओमानच्या उत्तर किनाऱ्यावर आदळलं. वर्षाकाठी शंभर मिलिमीटर पाऊस झाला तरी पुष्कळ, अशा त्या पट्ट्यात खाबूरा गावी एका झटक्यात तीनशेहून अधिक मिलिमीटर पडला.

‘गुलाब’ हे नाव पाकिस्तानने सुचवलेलं, ‘शाहीन’ कतारने. तेरा देशांनी प्रत्येकी तेरा नावं दिली, ती १६९ नावांची यादी २०२० साली जाहीर झाली. या तेरा देशांत ओमान, कतार, सौदी अरेबिया, संयुक्त अरब अमिराती आणि येमेन हे पाच अरब देश आहेत, आणि चक्रीवादळांबाबतचा सल्ला त्या सगळ्यांना दिल्लीतून, आपल्या भारतीय हवामान विभागाच्या केंद्राकडून जातो. मस्कतच्या अधिकाऱ्याच्या आणि जालन्याच्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावरची माहिती मुळात एकाच खात्यातली. ती हातात पडल्यावर पुढे काय होतं, ते मात्र दोन्हीकडे वेगळं.

ओमानने दोन दिवसांची सुट्टी जाहीर केली, किनाऱ्यालगतच्या लोकांना हलवलं, निवारा केंद्रं उघडली, विमानं पुढे ढकलली. तरीही दहाहून जास्त माणसं गेली. हा शहाणपणा त्यांना फुकट मिळालेला नाही. २००७च्या जूनमध्ये ‘गोनू’ वादळात तिथे पन्नासच्या आसपास बळी गेले होते. त्यानंतर इशाऱ्याची यंत्रणा नव्याने बांधली गेली. आपणही किल्लारीच्या भूकंपानंतरच जिल्ह्याजिल्ह्यात नियंत्रण कक्ष उभारले. ठेच लागल्याशिवाय कुणीच शिकत नाही, अरबही नाही आणि आपणही नाही.

आता आपली बाजू. २००५च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात, जिल्हा परिषदेचे अध्यक्ष सहअध्यक्ष. १०७७ क्रमांकावर जिल्हा नियंत्रण कक्ष. पाऊस पडून गेल्यावर ही यंत्रणा काय करते, ते जाफराबादपासून घनसावंगीपर्यंत कुठल्याही शेतकऱ्याला विचारा, तो तोंडपाठ सांगेल. महसूल मंडळात चोवीस तासांत ६५ मिलिमीटर झाला की अतिवृष्टी. मग तलाठ्याचा पंचनामा. नुकसान ३३ टक्क्यांच्या वर असेल तर मदत. २०२१ साली राज्याने दहा हजार कोटींचं पॅकेज दिलं, जिरायतीला हेक्टरी दहा हजार रुपये, दोन हेक्टरांपर्यंत. रक्कम पुरेशी होती का, हा वाद वेगळा. पण घडून गेल्यावर मोजायची आपली पद्धत घोटून घोटून पक्की झाली आहे. घडण्याआधी हलायची पद्धत तितकी पक्की नाही, असं माझं मत आहे.

नाल्यांचंच बघा. वर्षातले दहा महिने कोरडा असणारा नाला भरून वाहू लागला, तरी त्याची भीती वाटत नाही. काल तर त्यातूनच बैलगाडी नेली होती. २८ सप्टेंबर २०२१ला, त्याच गुलाबच्या पावसात, यवतमाळ जिल्ह्यात उमरखेडजवळ पुलावरून पाणी वाहत असताना एसटी बस पुढे घातली गेली आणि प्रवाशांसह वाहून गेली. अरबस्तानातल्या वादी, म्हणजे कोरडी नदीपात्रं, नेमकी अशीच फसवी असतात. अमिरातीने २०२३ साली नियम केला : पूर आलेल्या वादीत गाडी घातली तर दोन हजार दिरहॅम दंड आणि साठ दिवस गाडी जप्त. ओमानमध्ये कैदेचीही तरतूद आहे. तरी २०२४च्या एप्रिलमध्ये ओमानच्या समद अल-शानमध्ये शाळकरी मुलांना नेणारी गाडी वादीत वाहून गेली. दंडाने सगळे थांबत नाहीत, हे खरं. पण आपल्याकडे कमी उंचीच्या पुलावर पाणी आलं की तो कुणी बंद करायचा, बांधकाम विभागाने, पोलिसांनी की गावातल्या पोलीस पाटलाने, यावर पाणी उतरेपर्यंत चर्चा चालते.

सगळा दोष पैशावर टाकणाऱ्यांनी लिबियाकडे बघावं. तेलाने श्रीमंत देश. सप्टेंबर २०२३मध्ये ‘डॅनियल’ वादळाचा इशारा तिथल्या हवामान खात्याने आधी दिला होता. डेर्ना शहराच्या वरची, १९७०च्या दशकात बांधलेली दोन धरणं दुरुस्त करा, असं अब्देल वनीस अशूर या जलतज्ज्ञाने २०२२ सालीच लिहून ठेवलं होतं. पण देशात सरकारं दोन. कुणी बाहेर पडा म्हणालं, कुणी संचारबंदी लावून घरात बसा म्हणालं. ११ सप्टेंबरच्या पहाटे दोन्ही धरणं फुटली, हजारो माणसं झोपेतच समुद्रात गेली. एकच आदेश देणारा एकच अधिकारी कायद्याने नेमलेला असणं ही किती मोठी गोष्ट आहे, ते डेर्नाकडे पाहून कळतं. ती आपल्याकडे आहे. मुद्दा आदेश गावात पोचण्याचा आहे.

याची खरी परीक्षा होते ती अंबड आणि घनसावंगी तालुक्यांत, गोदावरीच्या काठी. २००६च्या ऑगस्टमध्ये जायकवाडीतून अडीच लाख क्युसेकच्या घरात पाणी सोडलं गेलं. आजही धरण भरत आलं की ‘इतके क्युसेक विसर्ग, नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे’ असा संदेश मोबाइलवर फिरतो. शहागडच्या दुकानदाराने क्युसेकचं काय करायचं? त्याला हवंय ते एवढंच की पाणी मारुतीच्या देवळाच्या पायरीपर्यंत येणार की बसथांब्यापर्यंत, आणि किती वाजता. काठावरच्या प्रत्येक शाळेच्या भिंतीवर २००६चं पाणी जिथवर आलं तिथे रंगाचा पट्टा मारायचा आणि विसर्गाचा आकडा त्या पट्ट्याच्या भाषेत सांगायचा. पट्ट्याच्या वर म्हणजे घर सोडा, खाली म्हणजे जनावरं सोडून वर न्या. पाटबंधारे खात्याकडे पूररेषेचे नकाशे असतात, ग्रामपंचायतीकडे चुना आणि गेरू असतो. या कामाला ना निविदा लागते, ना पॅकेज.

पुढच्या लेखांकात वीज : जून महिन्यात शेतात काम करणाऱ्यांवर ती का कोसळते आणि ‘दामिनी’ अॅप बांधावरच्या माणसाच्या कितपत उपयोगी पडतं.