इंजिन बांधलं, आता पहिले ५०० किलोमीटर कसे चालवायचे?

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला बरं वाटतं, त्यांच्यासाठी हे या भागाचं शब्दांकन. बोलताना अडखळलेलं तेवढं काढून टाकलंय, बाकी सगळं तेच आहे.

आजचा विषय एका श्रोत्याच्या व्हॉइस नोटमधून आलाय. त्याच्याकडे आजोबांची जुनी प्रीमियर पद्मिनी आहे. इंजिन पूर्ण खोललं, ब्लॉकला बोअरिंग केलं, नवे ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगा टाकल्या, कॅमशाफ्टही नवा. आता गाडी दारात उभी आहे आणि घरात तीन मतं आहेत. आजोबा म्हणतात, "पहिले हजार किलोमीटर काटा चाळीसच्या वर जाता कामा नये." मिस्त्री म्हणतो, "बिनधास्त दाबा, नाहीतर रिंगा बसणार नाहीत." आणि मामा म्हणतो, "दोन दिवस नुसती स्लोवर चालू ठेव, इंजिन आपोआप रुळेल." मग ऐकायचं कुणाचं?

थोडक्यात उत्तर असं: आजोबा अर्धे बरोबर, मिस्त्री अर्धा बरोबर, आणि मामाचं बिलकूल ऐकू नकोस. वेग आणि ओझं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नव्याने बांधलेल्या इंजिनाला वेग नको असतो, पण ओझं हवं असतं. हे कळलं की बाकीचं सगळं त्यातून आपोआप निघतं.

चुकलं तर काय जातं?

पद्मिनी म्हणजे फियाट ११०० ची आपल्याकडची आवृत्ती. मुंबईत कुर्ल्याला प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कारखान्यात बनायची. मुंबईची काळी-पिवळी म्हणून ती सगळ्यांच्या ओळखीची, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये शेवटची पद्मिनी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. गाडी बनणं बंद होऊन वीस वर्षांहून जास्त झाली. म्हणजे सुटे भाग आहेत तेवढेच.

त्याहून महत्त्वाचा आहे तो ब्लॉक. या इंजिनाचा मूळ बोअर ६८ मिलिमीटर, स्ट्रोक ७५ मिलिमीटर, एकूण १०८९ सीसी. प्रत्येक वेळी बोअरिंग केलं की सिलिंडरच्या भिंतीचा थोडा धातू कापला जातो, आणि तो परत येत नाही. असं थोड्याच वेळा करता येतं. म्हणून पहिले काही तास नीट गेले नाहीत, तर पैसे आणि मजुरी पुन्हा जातेच, शिवाय ब्लॉकचं आयुष्यही खर्ची पडू शकतं.

रिंगा 'बसतात' म्हणजे नेमकं काय होतं?

आजीच्या घरी पाटा-वरवंटा किंवा जातं पाहिलंय का? पाटा वापरून गुळगुळीत झाला की त्यावर वाटण नीट होत नाही. मग टाकी लावणाऱ्याला बोलवायचं. तो छिन्नीने दगड पुन्हा खरबरीत करून देतो. टाकी लावल्यावर पहिलं वाटण खायचं नसतं, कारण त्यात दगडाची कच येते. काहीतरी भरड वाटून ते टाकून द्यायचं, मग पाटा कामाला घ्यायचा.

सिलिंडरचंही अगदी हेच. बोअरिंग झाल्यावर मशीन शॉपमध्ये होनिंग करतात. भिंतीवर एकमेकांना छेदणाऱ्या बारीक तिरक्या रेघा उमटतात. या रेघांच्या खोलगट भागात तेल धरून राहतं. त्यांची वरची टोकं मात्र टोकदार असतात. नवी रिंग वरखाली होताना ही टोकं झिजवते, आणि टोकं रिंगेला झिजवतात. दोघं एकमेकांना मापात आणतात. टोकं सपाट झाली आणि खोलगट भाग तसाच राहिला, की रिंग बसली. कॉम्प्रेशन धरलं जातं आणि तेल खालीच राहतं.

आता यातली मुख्य गोष्ट. रिंगेला स्वतःचा ताण असतो, पण तो थोडाच. तिला भिंतीवर खरं दाबतो तो जळत्या मिश्रणाचा वायू. तो वरच्या रिंगेच्या मागच्या फटीत शिरतो आणि तिला बाहेर ढकलतो. ऍक्सिलरेटर दाबलेला असेल तर दाब जास्त. गाडी नुसती स्लोवर असेल तर दाब जवळपास नाहीच. म्हणजे मामाच्या पद्धतीत रिंग भिंतीवरून अलगद सरकत राहते, टोकं नीट झिजत नाहीत, आणि वर गेलेलं तेल भाजून त्या रेघांमध्ये वार्निशसारखं बसतं. याला ग्लेझिंग म्हणतात. एकदा भिंत अशी चकचकीत झाली की पुढे कितीही चालवा, रिंग बसायचं नाव घेत नाही. गाडी तेल पिते, निळा धूर सोडते. मग एकच इलाज: हेड काढा, पिस्टन काढा, पुन्हा होनिंग, पुन्हा नव्या रिंगा.

मग आजोबांचा मुद्दा कुठे येतो? दोन खरबरीत पृष्ठभाग घासले की उष्णता होते. नवा पिस्टन, नवी भिंत, सगळं घट्ट. सतत जोरात चालवलं तर एखादा भाग जास्त तापतो आणि पिस्टन धरू शकतो, ज्याला आपण इंजिन सीझ झालं म्हणतो. म्हणून ओझं द्यायचं, पण थोडं थोडं, मध्ये विश्रांती देत.

नव्या कॅमची गोष्ट वेगळी

या जुन्या इंजिनांत कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये असतो आणि टॅपेट सपाट तोंडाचे. कॅमचा उंचवटा आणि टॅपेट यांचा स्पर्श अगदी बारीक जागेत होतो, आणि व्हॉल्व्हच्या स्प्रिंगचा सगळा जोर त्या जागेवर. या जागेला तेल मुख्यतः क्रँकच्या फिरण्याने उडणाऱ्या शिंतोड्यांतून मिळतं. इंजिन हळू फिरलं तर शिंतोडे कमी. म्हणून कॅम आणि टॅपेट नवे असतील, तर इंजिन सुरू होताच २००० ते २५०० आरपीएमवर न्यायचं आणि साधारण वीस मिनिटं तिथेच, थोडं खालीवर करत, ठेवायचं. इथेही स्लोवर ठेवणं घातकच.

कॅम आणि टॅपेट जुनेच असतील, आणि प्रत्येक टॅपेट ज्या जागेवरून काढला त्याच जागी परत बसवला असेल, तर ही वीस मिनिटं लागत नाहीत. मिस्त्रीला हे आधी विचारून घ्या.

पद्मिनीत आरपीएमचा काटा नाही, मग २००० कसं ओळखायचं? टॅकोमीटर मागून आणा, नाहीतर फोन वापरा. चार सिलिंडरच्या इंजिनात दर फेरीला दोन स्फोट होतात. २००० आरपीएम म्हणजे मिनिटाला ४००० स्फोट, सेकंदाला साधारण ६७. आवाजाची फ्रिक्वेन्सी दाखवणारं कुठलंही मोफत ऍप उघडा आणि फोन सायलेन्सरच्या बाजूला, पण जरा लांब धरा. ६७ हर्ट्झच्या आसपास शिखर दिसलं की २०००. ८३ दिसलं की २५००.

चावी फिरवण्याआधी

ही वीस मिनिटं सुरू झाली की मध्ये थांबायला नको, म्हणून तयारी आधी. इंजिन सुरू होत नाही म्हणून स्टार्टर मारत राहिलात, तर कॅमवर लावलेलं असेंब्लीचं वंगण पुसलं जातं. म्हणून हे तपासा:

- पॉइंटची गॅप आणि इग्निशन टायमिंग. फायरिंग ऑर्डर १-३-४-२ आहे, प्लगच्या वायरी त्याच क्रमाने.
- कार्बोरेटरमध्ये पेट्रोल आलेलं असावं, आणि ते ताजं असावं.
- रेडिएटर भरलेला, त्यातली हवा काढलेली. समोर घरातला टेबल फॅन ठेवला तर उत्तम, कारण गाडी उभी आहे, वारा लागणार नाही.
- ऑइल पंप बसवताना तेलाने भरून घेतलेला. प्लग काढून स्टार्टर थोडा फिरवा, ऑइलचा लाल दिवा विझला पाहिजे.
- गाडी उघड्यावर. बंद गॅरेजमध्ये कार्बन मोनॉक्साइड जमतो आणि त्याला वास नसतो.

वीस मिनिटांत एक जण तापमानावर आणि ऑइलच्या दिव्यावर लक्ष ठेवेल, दुसरा टॉर्च घेऊन गळती बघेल. तापमान चढलं तर बंद करा, गार होऊ द्या, उरलेली मिनिटं नंतर पूर्ण करा. दिवा लागला तर मात्र तत्काळ बंद. गंमत म्हणजे २००० आरपीएमवर वीस मिनिटांत प्रत्येक पिस्टन जागच्या जागी ६ किलोमीटर प्रवास करतो!

पहिली फेरी रस्त्यावर

सकाळी लवकर निघा, सिग्नल नसलेला सपाट रस्ता बघा. घाट आज नको. इंजिन नीट गरम झालं की तिसऱ्या गिअरमध्ये ३५ वरून ऍक्सिलरेटर दोन तृतीयांश दाबून ६० पर्यंत न्या. मग पाय पूर्ण काढा आणि त्याच गिअरमध्ये गाडी ३५ वर येऊ द्या. मागे कुणी नाही ना, ते आरशात बघा. असं दहा-बारा वेळा.

दाबलं की वायू रिंगेला भिंतीवर दाबतो. सोडलं की सिलिंडरमध्ये निर्वात तयार होतो, थोडं तेल वर ओढलं जातं, भिंत गार होते आणि झिजलेली धूळ वाहून जाते. मिस्त्रीचं ओझं आणि आजोबांची विश्रांती, दोन्ही एकाच फेरीत.

त्यानंतर ५०० किलोमीटरपर्यंत तीन पथ्यं. एक, टॉप गिअरमध्ये कमी वेगात इंजिनाला कण्हत ओढायला लावू नका, गिअर खाली घ्या. दोन, हायवेवर तासभर एकाच वेगाने जाऊ नका. तीन, फुल ऍक्सिलरेटर आणि पाच माणसं अधिक सामान असा प्रकार नको.

ऑइलचं काय?

आता पाट्यावरचं ते पहिलं वाटण आठवा. इथलं पहिलं ऑइलही तसंच टाकायचं: पहिल्या फेरीनंतर, जास्तीत जास्त १०० किलोमीटरच्या आत. मग ५०० ला, मग १५०० ला. फिल्टरही सोबत. काढलेलं तेल पांढऱ्या ताटलीत घेऊन उन्हात बघा. बारीक चमचमती पूड चालते. कपच्या किंवा तुकडे चालत नाहीत. चुंबक फिरवा: चिकटलं तर लोखंड, म्हणजे रिंग, भिंत किंवा कॅमचं. चमकतं पण चिकटत नाही, अशा कपच्या असतील तर त्या बेअरिंगच्या असू शकतात. गाडी चालवू नका, मिस्त्रीला दाखवा.

सुरुवातीला साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्या. महागडं सिंथेटिक बहुतेक इंजिन बांधणारे रिंगा बसल्यानंतरच टाकतात. आणखी एक गोष्ट: सपाट टॅपेटला झिजेपासून वाचवतं झेडडीडीपी नावाचं जस्त-फॉस्फरसचं रसायन. आताच्या पेट्रोल गाड्यांच्या बऱ्याच तेलांत ते कमी ठेवतात, कारण फॉस्फरस कॅटॅलिटिक कन्व्हर्टर खराब करतो. पद्मिनीत कन्व्हर्टर नाहीच. म्हणून जुन्या गाड्यांसाठीचं किंवा रनिंग-इनसाठीचं तेल मागून घ्या.

पहिल्या फेरीनंतर इंजिन पूर्ण गार झालं, म्हणजे दुसऱ्या दिवशी सकाळी, हेडचे बोल्ट ठरलेल्या क्रमाने आणि टॉर्क रेंचनेच तपासा. गॅस्केट बनवणाऱ्याने पुन्हा टाइट करू नका असं लिहिलं असेल, तर तेच पाळा. मग टॅपेट सेटिंग पुन्हा.

जमलं की नाही, कसं कळणार?

एक वही करा. आम्ही सॉफ्टवेअरवाले याला लॉग म्हणतो. तारीख, किलोमीटर, डिपस्टिकवरची पातळी, टाकलेलं तेल, धूर दिसला तर कधी दिसला. सुरुवातीला तेल थोडं कमी होईल, मग कमी होणं थांबत जाईल. ५०० आणि १५०० किलोमीटरला चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजा. चौघांचे आकडे एकमेकांच्या १० टक्क्यांच्या आत आणि आधीपेक्षा थोडे वर असतील, तर रिंगा बसल्या. मग आजोबांना पुढच्या सीटवर बसवा आणि घाटात घेऊन जा.

तुमच्या घरी अशी एखादी जुनी गाडी उभी असेल, तर व्हॉइस नोट पाठवा. इंजिन चालू करून त्याचा आवाजही पाठवलात तर आणखी मजा येईल. भेटू पुढच्या भागात!